क्यूजीआयएस प्लगइन

क्यूजीआयएस प्लगइन म्हणजे क्यूजीआयएस या मुक्तस्रोत भौगोलिक माहिती प्रणालीत नवीन साधने, आज्ञा किंवा विदाप्रकार जोडणारा स्वतंत्र प्रोग्राम होय. प्लगइन बसवल्यावर क्यूजीआयएसच्या टूलबारवर नवे बटण येते, मेनूत नवी आज्ञा दिसू लागते किंवा पडद्याच्या कडेला नवे पटल उघडते. त्यासाठी मूळ प्रणालीच्या कोडमध्ये बदल करावा लागत नाही. बहुतेक प्लगइन्स पायथन या संगणक भाषेत लिहिली जातात. काही मोजकी सी++ या भाषेत आहेत. क्यूजीआयएसच्या अधिकृत प्लगइन-भांडारात एक हजारांहून अधिक प्लगइन्स उपलब्ध असून ती विनामूल्य उतरवून घेता येतात.

सर्वेक्षण, नगररचना, शेती, जलसंधारण, पर्यावरण, आपत्ती-व्यवस्थापन अशा प्रत्येक क्षेत्राच्या गरजा निराळ्या असतात. या सर्व गरजा एकाच प्रणालीत समाविष्ट केल्यास ती अवजड होते. त्यामुळे सर्वांना लागणारी साधने मुख्य प्रणालीत आणि विशिष्ट कामाची साधने प्लगइनमध्ये, अशी विभागणी क्यूजीआयएसमध्ये केलेली आहे.

इतिहास

क्यूजीआयएसची सुरुवात २००२ मध्ये अमेरिकन प्रोग्रामर गॅरी शर्मन यांनी केली. त्या वेळी तिचे नाव क्वांटम जीआयएस असे होते. पोस्टजीआयएस या विदागारातील भौगोलिक स्तर लिनक्सवर पाहता यावेत, एवढाच आरंभीचा हेतू होता. ही प्रणाली सी++ भाषेत, क्यूटी या ग्रंथालयाच्या आधारे लिहिलेली आहे. सुरुवातीच्या काळात प्लगइनही सी++ मध्येच लिहावे लागे. असे प्लगइन प्रत्येक कार्यप्रणालीसाठी वेगळे संकलित करावे लागत असल्याने ते लिहिणे हे प्रामुख्याने व्यावसायिक प्रोग्रामरांचेच काम होते.

२००७ मधील ०.९ या आवृत्तीत पायथन भाषेचा आधार जोडण्यात आला आणि हे चित्र पालटले. पायथनमध्ये लिहिलेले प्लगइन संकलित करावे लागत नाही. फाइली योग्य फोल्डरमध्ये ठेवल्या की ते चालते. त्यामुळे भूगोल, भूशास्त्र, जलविज्ञान या विषयांच्या अभ्यासकांनाही आपापली साधने स्वतः तयार करणे शक्य झाले. याच वर्षी क्यूजीआयएस हा ओपन सोर्स जिओस्पेशिअल फाउंडेशन (ओएसजिओ) या संस्थेच्या छत्राखालील प्रकल्प झाला. १.० ही आवृत्ती जानेवारी २००९ मध्ये प्रकाशित झाली.

सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून ‘क्वांटम जीआयएस’ हे नाव मागे पडून ‘क्यूजीआयएस’ हेच नाव रूढ करण्यात आले. व्हिक्टर ओलाया यांच्या सेक्स्टांटे या प्लगइनमधून विकसित झालेली ‘प्रोसेसिंग’ ही विश्लेषण-चौकट या आवृत्तीत मुख्य प्रणालीबरोबर देण्यात आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात पायथन २ ऐवजी पायथन ३ आणि क्यूटी ४ ऐवजी क्यूटी ५ यांचा स्वीकार करण्यात आल्यामुळे तोवरची सर्व पायथन प्लगइन्स नव्याने जुळवून घ्यावी लागली.

प्रकार

क्यूजीआयएसमधील प्लगइनांचे सर्वसाधारणपणे दोन गट केले जातात.

• गाभा प्लगइन्स : ही क्यूजीआयएसबरोबरच येतात व त्यांची देखभाल मुख्य विकासक-गट करतो. प्रोसेसिंग, डीबी मॅनेजर व मेटासर्च ही पायथनमधील, तर टोपोलॉजी चेकर आणि ग्रास ही सी++ मधील गाभा प्लगइन्स आहेत.
• बाह्य प्लगइन्स : ही व्यक्ती, विद्यापीठे, शासकीय संस्था किंवा खासगी कंपन्या तयार करतात. त्यांच्या देखभालीची जबाबदारी संबंधित लेखकाकडेच राहते.

या दोन गटांतील सीमारेषा कायमची नसते. एखाद्या बाह्य प्लगइनची उपयुक्तता सिद्ध झाली, की तशी सोय मुख्य प्रणालीतच केली जाते. अनिता ग्रेझर यांचे टाइममॅनेजर हे प्लगइन काळानुसार बदलणारी विदा नकाशावर चलचित्राप्रमाणे दाखवीत असे. २०२० मधील ३.१४ या आवृत्तीत काल-नियंत्रक ही अंगभूत सोय आली आणि या प्लगइनची गरज संपली.

अंतर्गत रचना

पायथन प्लगइन म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर असतो. तो वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधील ‘पायथन’ या फोल्डरातील ‘प्लगइन्स’ या उपफोल्डरात ठेवावा लागतो. ३.० आवृत्तीपासून एकाच संगणकावर अनेक प्रोफाइल ठेवता येतात आणि प्रत्येक प्रोफाइलची प्लगइन्स वेगळी असू शकतात. प्लगइनच्या फोल्डरात पुढील घटक असतात.

• मेटाडेटा फाइल : या साध्या मजकूर-फाइलीत प्लगइनचे नाव, वर्णन, आवृत्ती, लेखक, संपर्काचा ई-मेल, कोडच्या भांडाराचा पत्ता आणि प्लगइन चालण्यासाठी लागणारी क्यूजीआयएसची किमान आवृत्ती यांची नोंद असते. ही फाइल नसेल तर क्यूजीआयएस त्या फोल्डरला प्लगइन म्हणून ओळखत नाही.
• आरंभ फाइल : ‘इनिट’ या नावाच्या या पायथन फाइलीत ‘क्लासफॅक्टरी’ नावाचे फलन असते. क्यूजीआयएस सर्वप्रथम हेच फलन चालवते व त्याच्याकडून प्लगइनची मुख्य वस्तू मिळवते.
• मुख्य फाइल : प्लगइनचे प्रत्यक्ष काम करणारा वर्ग या फाइलीत असतो.
• पूरक फाइली : बटणाचे चिन्ह, संवादचौकटींचे आराखडे, भाषांतरे, मदतीची पाने इत्यादी. यांपैकी कोणतीही फाइल अनिवार्य नाही.

मुख्य वर्गात किमान दोन पद्धती असाव्या लागतात. ‘इनिटगुई’ ही पद्धत प्लगइन सुरू होताना चालते व इंटरफेसमध्ये बटणे, मेनू व पटले जोडते. ‘अनलोड’ ही पद्धत प्लगइन बंद करताना चालते व जोडलेले सर्व काही काढून घेते. दुसऱ्या पद्धतीकडे नवे लेखक बऱ्याचदा दुर्लक्ष करतात. तसे झाल्यास प्लगइन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर टूलबारवर एकच बटण दोनदा दिसते किंवा एका क्लिकला तीच आज्ञा दोनदा चालते.

टूलबार व मेनूत साधन जोडणे

क्लासफॅक्टरी या फलनाला क्यूजीआयएसकडून ‘आयफेस’ नावाची वस्तू मिळते. ही वस्तू म्हणजे प्लगइन आणि क्यूजीआयएसची खिडकी यांच्यातील दुवा होय. टूलबार, मेनू, नकाशाचा फलक, स्तरांची यादी, संदेशपट्टी या सर्वांपर्यंत तिच्यामार्फतच पोहोचता येते.

नवे बटण जोडताना आधी क्यूटीमधील ‘ॲक्शन’ ही वस्तू तयार करतात. तिला चिन्ह, नाव आणि सूचनेचा मजकूर देतात. नंतर तिचा ‘ट्रिगर्ड’ हा संकेत प्लगइनमधील एखाद्या पद्धतीशी जोडतात. वापरकर्त्याने बटण दाबले, की ती पद्धत चालते. शेवटी आयफेसमार्फत ही ॲक्शन टूलबारवर व ‘प्लगइन्स’ मेनूत ठेवली जाते. एकच ॲक्शन दोन्ही ठिकाणी वापरल्यामुळे बटण निष्क्रिय केले, की मेनूतील आज्ञाही आपोआप निष्क्रिय होते. साधने बरीच असतील, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र टूलबार तयार करता येतो. नकाशावर काम करताना सतत दिसत राहावी लागणारी माहिती दाखवण्यासाठी, कडेला चिकटणारे पटल संवादचौकटीपेक्षा अधिक सोयीचे ठरते.

संवादचौकटी हाताने कोड लिहून किंवा क्यूटी डिझायनर या चित्रमय साधनाच्या साहाय्याने तयार करता येतात. संदेश देण्यासाठी क्यूजीआयएसमध्ये नकाशाच्या वरच्या कडेला दिसणारी संदेशपट्टी असते. ती वापरकर्त्याचे काम थांबवत नाही, म्हणून किरकोळ सूचनांसाठी स्वतंत्र चौकट उघडण्याऐवजी तिचा वापर करतात.

नकाशा-साधन

काही साधनांचे काम बटण दाबताच पूर्ण होते, तर काही साधनांना नकाशावरील क्लिकची वाट पाहावी लागते. दुसऱ्या प्रकारच्या साधनाला नकाशा-साधन असे म्हणतात. नकाशा सरकवणे, मोठा करणे, घटकाची माहिती पाहणे, अंतर मोजणे ही क्यूजीआयएसमधील अंगभूत नकाशा-साधने आहेत.

नवे नकाशा-साधन बनवण्यासाठी क्यूजीआयएसने पुरवलेल्या ‘मॅपटूल’ या वर्गापासून स्वतःचा वर्ग तयार करतात. माउसचे बटण दाबणे, माउस हलवणे आणि बटण सोडणे या तीन घटनांसाठी त्यात स्वतंत्र पद्धती असतात. जी घटना हवी, तिची पद्धत लेखक नव्याने लिहितो. घटनेबरोबर क्लिकचे स्थान मिळते व ते पडद्यावरील बिंदूंतून नकाशाच्या निर्देशांकांत रूपांतरित करता येते. रेखाटन सुरू असताना दिसणारी तात्पुरती रेषा किंवा आकृती ‘रबरबँड’ या वर्गाने काढतात.

एका वेळी नकाशा-फलकावर एकच नकाशा-साधन कार्यरत असते. नवे साधन निवडले की आधीचे आपोआप निष्क्रिय होते. येथे पायथनच्या स्मृती-व्यवस्थापनामुळे एक नेहमीची चूक घडते. साधनाची वस्तू फलनातील स्थानिक चलात ठेवल्यास फलन संपताच पायथन ती नष्ट करते. बटण दिसते, पण क्लिकला काहीच प्रतिसाद मिळत नाही आणि चुकीचा संदेशही येत नाही. म्हणून ती वस्तू प्लगइनच्या मुख्य वर्गातच जपून ठेवावी लागते.

साधन स्तरातील विदा बदलणार असेल, तर तो बदल संपादन-सत्रात करणे आवश्यक असते. अनेक लहान बदल एका संपादन-आज्ञेत गुंफले, की वापरकर्त्याला एकदाच ‘पूर्ववत’ करून ते सर्व मागे घेता येतात. तशी काळजी न घेतल्यास चुकून झालेला बदल थेट मूळ फाइलीत जातो आणि परत फिरवता येत नाही.

उदाहरण : क्षेत्रफळ दाखवणारे साधन

शेताच्या बहुभुजावर क्लिक केल्यावर त्याचे क्षेत्रफळ हेक्टर-आर व गुंठ्यांत दाखवणारे साधन हे नकाशा-साधनाचे साधे उदाहरण होय. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आरमध्ये नोंदवलेले असते, तर व्यवहारात एकर आणि गुंठे बोलले जातात. एका एकरात ४० गुंठे असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही मापे इतकी जवळ आहेत, की ती एकच समजण्याची चूक सहज होते; एक हेक्टर क्षेत्रात १०० आर, पण सुमारे ९८.८४ गुंठे बसतात.

साधनाचे काम चार टप्प्यांत होते : क्लिकचे स्थान मिळवणे, त्या स्थानावरील बहुभुज शोधणे, त्याचे क्षेत्रफळ मोजणे आणि उत्तर संदेशपट्टीवर दाखवणे. यांपैकी तिसऱ्या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. स्तर अक्षांश-रेखांशांत असेल आणि क्षेत्रफळ साध्या भूमितीने काढले, तर उत्तर चौरस अंशांत येते. १९ अंश उत्तर अक्षांशावरील एक हेक्टर जमिनीचे असे उत्तर सुमारे ०.००००००८६ येईल. ही चूक निदान लगेच लक्षात तरी येते. स्तर वेब मर्केटर या, इंटरनेटवरील नकाशांत प्रचलित असलेल्या प्रक्षेपणात असेल, तर त्याच अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी जास्त येते. हेक्टरभर जमीन ११२ आर दिसते. आकडा विश्वसनीय वाटतो आणि चूक नजरेतून सुटते.

हे टाळण्यासाठी क्यूजीआयएसमधील ‘डिस्टन्सएरिया’ हा वर्ग वापरतात. त्याला स्तराची निर्देशांक-प्रणाली आणि पृथ्वीचा विवृत्ताभ सांगितला, की तो पृथ्वीच्या वक्रतेचा विचार करून क्षेत्रफळ काढतो. दुसरा मार्ग म्हणजे बहुभुज योग्य यूटीएम पट्ट्यात रूपांतरित करून मग मोजणे. मात्र महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेकडील भाग पट्टा ४३ मध्ये (ईपीएसजी क्रमांक ३२६४३), तर नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा पूर्वेकडील भाग पट्टा ४४ मध्ये (ईपीएसजी क्रमांक ३२६४४) येतो. त्यामुळे संपूर्ण राज्यासाठीच्या साधनात एकच पट्टा गृहीत धरणे योग्य ठरत नाही. नकाशावरून काढलेले क्षेत्रफळ हे अंदाजासाठी उपयुक्त असले, तरी ते अधिकृत मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

प्रोसेसिंगमधील साधने

वापरकर्त्याकडून काही माहिती घेऊन नवा स्तर तयार करणे, एवढेच साधनाचे काम असेल, तर बटण आणि संवादचौकट स्वतः बनवण्याची गरज नसते. अशा साधनासाठी ‘प्रोसेसिंग अल्गोरिदम’ लिहिणे अधिक सोयीचे असते. लेखक साधनाला कोणते स्तर, आकडे किंवा पर्याय लागतात ते जाहीर करतो आणि गणन लिहितो. चौकट क्यूजीआयएस स्वतः तयार करते.

या पद्धतीचे आणखी काही लाभ आहेत. असे साधन अनेक फाइलींवर एकाच वेळी चालवता येते, मॉडेल डिझायनरमध्ये इतर साधनांशी जोडता येते आणि क्यूजीआयएसची खिडकी न उघडता आज्ञारेषेवरूनही वापरता येते. ते बहुधा पार्श्वभूमीत चालते, त्यामुळे दीर्घ गणन सुरू असतानाही नकाशा गोठत नाही. संबंधित अल्गोरिदमांचा संच ‘प्रोव्हायडर’ म्हणून नोंदवला, की तो प्रोसेसिंगच्या साधनपेटीत स्वतंत्र गट म्हणून दिसतो.

प्लगइनविना साधने जोडणे

लहान गरजांसाठी पूर्ण प्लगइन लिहिणे आवश्यक नसते. क्यूजीआयएसमध्ये पुढील पर्याय उपलब्ध आहेत.

• पायथन कन्सोल : येथे आज्ञा टंकित करून लगेच चालवता येतात. प्लगइन लिहिण्याआधी कल्पना तपासून पाहण्यासाठी याचा विशेष उपयोग होतो.
• स्क्रिप्ट आणि मॉडेल : प्रोसेसिंगच्या साधनपेटीत स्वतःची स्क्रिप्ट ठेवता येते. मॉडेल डिझायनरमध्ये कोड न लिहिता, चौकोन आणि बाण जोडून साधन तयार करता येते.
• स्तराच्या कृती : नकाशावरील घटकावर क्लिक केल्यावर छायाचित्र, दस्तऐवज किंवा संकेतस्थळ उघडणे यांसारख्या गोष्टी स्तराच्या गुणधर्मांतच ठरवता येतात.
• पदावलीतील फलने : लेबल, चिन्हांकन आणि गणन यांत वापरायच्या पदावलीसाठी पायथनमध्ये नवे फलन लिहिता येते. गुंठ्यांत क्षेत्रफळ देणारे फलन अशा रीतीने काही ओळींत तयार होते. त्यात डॉलर चिन्हाने सुरू होणारे ‘एरिया’ हे अंगभूत फलन प्रकल्पाचा विवृत्ताभ विचारात घेते, तर चिन्हाविना असलेले ‘एरिया’ सपाट पृष्ठभाग गृहीत धरते, हा भेद लक्षात ठेवावा लागतो.
• प्रकल्पातील मॅक्रो : प्रकल्प उघडताना, जतन करताना किंवा बंद करताना आपोआप चालणारा पायथन कोड.
• इंटरफेसची मांडणी : नको असलेले मेनू आणि बटणे लपवता येतात. नवशिक्या कर्मचाऱ्यांसाठी मोजकीच साधने ठेवण्याकरिता ही सोय उपयोगी पडते.

निर्मिती व चाचणी

प्लगइनचा प्राथमिक सांगाडा तयार करण्यासाठी गॅरी शर्मन यांनी सुरू केलेले प्लगइन बिल्डर हे साधन वापरले जाते. ते स्वतःही एक प्लगइनच आहे. नाव, वर्णन आणि मेनूतील जागा यांची माहिती दिली, की ते आवश्यक फाइली तयार करून देते. प्लगइन रीलोडर हे दुसरे उपयुक्त प्लगइन आहे. कोडमध्ये बदल केल्यावर क्यूजीआयएस बंद करून पुन्हा सुरू करण्याचा वेळ त्यामुळे वाचतो.

चाचणी करताना रिकामा प्रकल्प, स्तर न निवडलेली स्थिती, रिकामी भूमिती असलेला घटक आणि नकाशापेक्षा वेगळ्या निर्देशांक-प्रणालीतील स्तर या चार स्थिती तपासणे आवश्यक मानले जाते. प्लगइन एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर बंद पडते, याचे कारण पुष्कळदा बाह्य पायथन ग्रंथालयांत असते. लेखकाच्या संगणकावर असलेले ग्रंथालय वापरकर्त्याच्या संगणकावर असेलच असे नाही.

दीर्घ गणनासाठी ‘टास्क’ हा वर्ग वापरून काम पार्श्वभूमीत नेता येते. मात्र पार्श्वभूमीतील कोडने खिडकीतील घटकांना थेट हात लावणे निषिद्ध आहे. तसे केल्यास क्यूजीआयएस अचानक बंद पडू शकते व जतन न केलेले काम वाया जाते.

वापरकर्त्याला दिसणारा मजकूर भाषांतरासाठी वेगळा नोंदवला, तर तेच प्लगइन अनेक भाषांत दाखवता येते. भाषांतराच्या फाइलीच्या नावात भाषेचा संकेत असतो आणि क्यूजीआयएसच्या निवडलेल्या भाषेनुसार योग्य फाइल उघडली जाते. मराठी मजकूरही याच पद्धतीने जोडता येतो.

प्रकाशन व परवाना

तयार प्लगइन झिप फाइलीत बांधून अधिकृत भांडारात सादर केले जाते. त्यासाठी ओएसजिओचे खाते लागते. नव्या लेखकांची प्लगइन्स स्वयंसेवक परीक्षक पाहतात आणि मान्यता मिळाल्यावर ती क्यूजीआयएसमधील प्लगइन-व्यवस्थापकात दिसू लागतात. पुरेशी चाचणी न झालेल्या प्लगइनवर ‘प्रायोगिक’ अशी खूण असते. व्यवस्थापकात तसा पर्याय निवडल्याशिवाय ती यादीत दिसत नाहीत. देखभाल थांबलेल्या प्लगइनवर ‘कालबाह्य’ अशी खूण करता येते.

एखाद्या संस्थेला प्लगइन आपल्या कर्मचाऱ्यांपुरतेच ठेवायचे असेल, तर ती स्वतःच्या सर्व्हरवर भांडार उभारू शकते किंवा झिप फाइल थेट वाटू शकते. क्यूजीआयएस ही प्रणाली जीएनयू सामान्य सार्वजनिक परवान्याखाली, त्याच्या दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीनुसार, वितरित होते. अधिकृत भांडारातील प्लगइनांचा परवानाही त्याच्याशी सुसंगत असावा लागतो. त्यामुळे कोणत्याही प्लगइनचा कोड वाचता येतो, त्यात सुधारणा करता येते आणि सुधारित आवृत्ती त्याच अटींवर पुन्हा वाटता येते.

सुरक्षितता

पायथन प्लगइन वापरकर्त्याच्या पूर्ण अधिकारांनिशी चालते. ते संगणकावरील फाइली वाचू, बदलू किंवा पुसू शकते आणि इंटरनेटवर माहिती पाठवू शकते. त्याला बंदिस्त ठेवणारी कोणतीही वेगळी भिंत क्यूजीआयएसमध्ये नाही. भांडारातील परीक्षण हे साहाय्यभूत असले, तरी ती हमी नव्हे. अनोळखी स्रोताकडून आलेली झिप फाइल बसवणे हे अनोळखी प्रोग्राम चालवण्याइतकेच जोखमीचे असते.

प्रकल्पातील मॅक्रोंना हाच धोका लागू पडतो. इतरांकडून आलेला नकाशा-प्रकल्प नुसता उघडल्याने कोड चालू नये, म्हणून क्यूजीआयएसमध्ये मॅक्रो चालवण्याआधी अनुमती विचारण्याची सोय आहे. जमिनीच्या नोंदी किंवा लाभार्थ्यांची माहिती हाताळणाऱ्या कार्यालयांत मोजक्या, तपासलेल्या प्लगइनांचेच स्वतःचे भांडार ठेवण्याची पद्धत या कारणाने सुरक्षित मानली जाते.

आवृत्तीबदल आणि देखभालीचा प्रश्न

प्लगइन-व्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे देखभाल. बहुतेक बाह्य प्लगइन्स एखाद्या व्यक्तीने फावल्या वेळात किंवा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पात लिहिलेली असतात. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, प्रकल्पाचा निधी संपतो आणि प्लगइन निराधार होते. तोवर त्यावर एखाद्या कार्यालयाची रोजची कामे अवलंबून राहू लागलेली असतात.

२.० आणि ३.० या दोन्ही आवृत्त्यांच्या वेळी हे प्रकर्षाने दिसून आले. ३.० मध्ये भाषेबरोबर क्यूजीआयएसच्या वर्गांची रचनाही बदलली. उदाहरणार्थ, स्तरांची नोंद ठेवणारा स्वतंत्र वर्ग रद्द होऊन ते काम प्रकल्पाच्या वर्गाकडे आले. ज्यांचे लेखक सक्रिय होते ती प्लगइन्स पुढे आली, उरलेली जुन्या आवृत्तीतच अडकली. काही वापरकर्त्यांना त्यामुळे एकाच संगणकावर दोन आवृत्त्या ठेवाव्या लागल्या.

क्यूजीआयएस ४ ही मालिका क्यूटी ६ वर आधारलेली आहे. या वेळी क्यूजीआयएसच्या स्वतःच्या वर्गांत कमीत कमी बदल करण्याचे धोरण ठेवण्यात आले. तरीही क्यूटीमधील स्थिरांकांची पूर्ण नावे लिहावी लागणे, चिन्हे कोडमध्ये संकलित करण्याचे जुने साधन नसणे असे बदल लेखकांना करावे लागतात. त्यांपैकी पुष्कळसे बदल आपोआप करणारी स्क्रिप्ट क्यूजीआयएस प्रकल्पाने उपलब्ध करून दिली आहे. थेट पायक्यूटी ५ चे नाव घेण्याऐवजी क्यूजीआयएसमार्फत क्यूटीचे वर्ग मागवणाऱ्या प्लगइनांना हे स्थलांतर सोपे जाते.

मुक्त परवान्यामुळे निराधार प्लगइन दुसऱ्या कोणालाही दत्तक घेता येते. मात्र त्यासाठी कोड उपलब्ध असणे पुरेसे नसते. गणनामागील गृहीतके लिहून ठेवलेली असणेही तितकेच आवश्यक असते.

उल्लेखनीय प्लगइन्स

• क्विकमॅपसर्व्हिसेस : विविध आधार-नकाशे एका क्लिकमध्ये जोडते.
• क्विकओएसएम : ओपनस्ट्रीटमॅपमधील रस्ते, विहिरी, शाळा यांसारखे निवडक घटक उतरवून स्तर तयार करते.
• सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन : लुका काँजेदो यांनी विकसित केलेले हे प्लगइन लँडसॅट, सेंटिनेल इत्यादी उपग्रह-प्रतिमांवरून भू-आच्छादनाचे वर्गीकरण करते.
• क्यूजीआयएस-टू-वेब : तयार नकाशा संकेतस्थळावर ठेवता येईल अशा स्वरूपात निर्यात करते.
• इनासेफ : पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीचा संभाव्य परिणाम अंदाजणारे हे प्लगइन इंडोनेशियाची राष्ट्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्था, ऑस्ट्रेलिया शासन व जागतिक बँक यांच्या सहकार्यातून तयार झाले. धोक्याचा नकाशा आणि लोकवस्ती किंवा इमारतींचा नकाशा एकमेकांवर ठेवून किती लोक बाधित होतील व त्यांना किमान किती मदत लागेल याचा अंदाज ते देते.

भारत व महाराष्ट्रातील वापर

आयआयटी मुंबई येथील फॉसी हा प्रकल्प शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि क्यूजीआयएसचाही त्यात समावेश आहे. त्याच संस्थेतून सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात क्यूजीआयएसचे ध्वनिचित्र-पाठ उपलब्ध आहेत.

महाराष्ट्र शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाचे प्रतिमान विकसित केले आणि त्याचे गणन क्यूजीआयएस प्लगइनच्या रूपात बसवले. पाऊस, मातीचा प्रकार, जमिनीचा उतार, भू-वापर व पिके यांच्या आधारे किती पाणी वाहून जाते, किती मातीत मुरते आणि पिकाला किती कमी पडते, याचा हिशोब त्यात केला जातो. अशा गणनातील चुकीचा परिणाम गावाच्या पाण्याच्या नियोजनावर होत असल्याने, गणनाची पद्धत उघड व तपासता येण्याजोगी असणे हा येथे केवळ तांत्रिक मुद्दा राहत नाही.

हे सुद्धा पहा

• क्यूजीआयएस
• भौगोलिक माहिती प्रणाली
• पायथन (आज्ञावली भाषा)
• ओपनस्ट्रीटमॅप
• मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
• नकाशा प्रक्षेपण